नवमीचं कोरं पाणी

बाटली काळी पडली होती.

मी ती खिडकीच्या उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. शेजारची दुसरी बाटली मात्र होती तशीच होती, फिकट चहाच्या रंगाची. दोन्हींतलं पाणी एकाच ठिकाणचं. एक क्लोरीन मिसळण्याआधी घेतलेलं, दुसरं मिसळल्यानंतर.

"पडली का काळी?" सिकंदरभाई दारातूनच म्हणाले. आत येताना त्यांनी वहाणा बाहेर काढल्या. नेहमीच काढत. हे देऊळ नाही, चालतं वहाणा घालून, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "बाई, गाव ज्याच्यावर जगतंय ते इथनं जातंय. घालायच्या कशाला?"

"पडली," मी म्हटलं.

"मग?"

"मग उद्या कोरं पाणी सोडायचं नाही."

सिकंदरभाई स्टुलावर बसले. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी चेहरा पुसला. "आज अष्टमी हाय बाई," ते म्हणाले. "हे आज सांगताय व्हय?"

मी करंजपेठेच्या पाणीपुरवठ्यात केमिस्ट होते तेव्हाची ही गोष्ट. आता निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. गाव तेव्हा धड शहर नव्हतं, धड खेडं नव्हतं. नदीचं पाणी आमच्या केंद्रात यायचं, त्यात तुरटी मिसळली की बारीक गाळ एकमेकाला धरून जड व्हायचा आणि तळाशी बसायचा. वरचं निवळ पाणी वाळूच्या थरातून हळूहळू झिरपत खाली उतरायचं. तिथून निघालेलं पाणी इतकं स्वच्छ दिसायचं की त्यात आता आणखी काही करायचं उरलंय असं कुणाला वाटू नये. आणि तिथेच शेवटी क्लोरीन घालायचं. लोक त्याला औषध म्हणत आणि त्याच्या वासाला नावं ठेवत.

वर्षातून एक दिवस मात्र ते औषध बंद असे. रामनवमीला. नदीवर बंधारा झाला, गावात नळ आले, आणि राममंदिरामागचा घाट उघडा पडला तेव्हापासूनची ही चाल. रामजन्माच्या स्नानाला, तीर्थाला नळाचं पाणी घ्यावं लागलं आणि तीर्थाला औषधाचा वास येऊ लागला. मग गावाने नगरपालिकेला घातली गळ, आणि नगरपालिकेने मान्य केलं, की नवमीच्या सकाळी औषध न घातलेलं पाणी सोडायचं. त्याला म्हणत कोरं पाणी. घरोघर तांब्याच्या कळशा घासून तयार असत. ते पाणी देव्हाऱ्यात वर्षभर ठेवत, आजाऱ्याच्या तोंडात घालत. आणि दुपारी बाराला जन्म झाला, पाळणा म्हणून झाला, की तीर्थाची पहिली वाटी गावातल्या गर्भार बाईला द्यायची.

हे सगळं सिकंदरभाई मुलाणींच्या हातून होई. अष्टमीच्या संध्याकाळी ते आंघोळ करत, धुतलेला सदरा घालत आणि क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद करत. रात्रीतून टाकी कोऱ्या पाण्याने भरत असे. "रामाचं काम हाय," म्हणत. "चुकून शिळ्या अंगानं केलं आन काही झालं तर लोक म्हणतील, मुलाण्यानं केलं."

"मी आज बंद करत नाही," ते आता म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर नाही करत. पण लोकांना वास आल्याबिगर राहणार नाही. वास आला की काय करतील?"

"काय करतील?"

"कळशा घिऊन नदीवर जातील. घाटाखालच्या डोहातलं भरतील. आपलं कोरं निदान वाळूतनं तरी आलेलं असतंय."

ते खरं होतं. चैत्रात नदी म्हणजे डोहाडोहांत साचलेलं हिरवं पाणी. वरच्या अंगाला वीटभट्ट्यांची वस्ती वाढली होती, सगळी माणसं नदीच्या पात्रातच शौचाला बसत. म्हणून तर मी यंदा औषधाआधीचं पाणी तपासायला घेतलं होतं.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या बोटाने दूर सरकवल्या.

"हे बघा मॅडम, ही प्रथा आहे. लेखी चालू झालेली नाही. मग लेखी बंद कशी करू?"

"तोंडी करा."

"तोंडी मी सांगितलं तर उद्या माझ्या दारावर मोर्चा येईल. बुवांनी सांगितलं तर लोक हात जोडतील. तुम्ही त्यांच्या पेटीवर बसता ना? मग?"

म्हणजे त्र्यंबकबुवा निजसुरे. गावचे कीर्तनकार. मी या गावात परकी आले, एकटी आले, आणि पहिल्याच वर्षी नवरात्रात त्यांचा पेटीवाला आजारी पडला म्हणून भीत भीत साथीला बसले. वडिलांनी लहानपणी शिकवलेली पेटी तेवढीच जवळ होती. त्या दिवसापासून मला या गावात घर मिळालं. बुवांचं कीर्तन म्हणजे काय होतं हे मला लिहून सांगता येणार नाही. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. पण ते झांज वाजवत एक पाऊल पुढे यायचे आणि नामाचा गजर सुरू व्हायचा तेव्हा दिवसभराची कुरकुर कुठल्या कुठे जायची. माणूस देवळात येताना जसा असतो त्याहून थोडा बरा होऊन घरी जायचा. मी तरी जायची.

दुपारी मी बुवांच्या घरी गेले. देवळामागच्या दोन खोल्या. बुवा मिठाच्या गुळण्या करून तोंडात ज्येष्ठमध धरून बसले होते. ओट्यावर त्यांची सून वैजयंती सुपात गहू निवडत होती. तिचे दिवस भरत आले होते. पुष्कळ वर्षांनी पाळणा हलणार होता. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला, म्हणून ती इथे सासऱ्यांजवळच राहिली होती.

"ये हेमे," बुवा म्हणाले. "काल भैरवीत पंचमाला चिकटून बसली होतीस. आज जरा हलायचं मनावर घे."

"काल तुम्हीच पट्टी चढवलीत बुवा."

"म्हातारपणी चढतेच. रक्तदाबासारखी." ते हसले. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "काय झालं?"

मी बाटल्या काढल्या. सगळं सांगितलं. पाण्यात माणसाचा मैला मिसळला असेल तर ही बाटली काळी पडते, हेही सांगितलं. बुवांनी काळी बाटली हातात घेतली नाही. नुसती पाहिली.

"पण दिसायला तर निर्मळ असतं," ते म्हणाले.

"दिसायला असतं."

"मग औषध किंचित घाला. वास येणार नाही इतकं."

"वास येणार नाही इतक्यानं भागत नाही बुवा. पण दुसरं एक करता येईल. आज संध्याकाळी औषधाचंच पाणी भरायचं आणि कळशीचं तोंड उघडं ठेवायचं. वर नुसतं पातळ फडकं. उद्या दुपारपर्यंत वास उडून जातो. जे मरायचं ते आधीच मेलेलं असतं."

"म्हणजे शिळं पाणी."

मला हे सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं.

"रात्र उलटलेलं पाणी आपण देवाला घालत नाही हेमे. साधी रोजची पूजा असली तरी घालत नाही. आणि उद्या तर जन्म. बाळाला पहिलं न्हाऊ घालायचं ते शिळ्या पाण्यानं?"

"मग शिळं चालत नाही, औषधाचं चालत नाही, आणि ह्या बाटलीतलं चालतं?"

माझा आवाज चढला होता. बुवांसमोर तो कधी चढला नव्हता.

"इतकी वर्षं गाव पितंय ते पाणी!" बुवाही तसेच उसळून म्हणाले. "कोण मेलं? सांग ना, कोण मेलं?"

ओट्यावर सुपाचा आवाज थांबला. बुवाही थांबले, जणू हे वाक्य दुसऱ्याच कुणी म्हटलं आणि त्यांना ते आत्ता ऐकू आलं. त्यांनी ज्येष्ठमध तोंडातून काढून वाटीत ठेवला आणि भिंतीकडे पाहत राहिले.

"बुवा," मी खालच्या आवाजात म्हटलं, "दरवर्षी अष्टमीला तुम्ही गादीवरून सांगता, उद्या कोरं पाणी येईल, कळशा घासून ठेवा म्हणून. यंदा ते येणार नाही. मी सोडणार नाही. आणि ही नारदाची गादी आहे, इथं थट्टा चालते, वाद चालतो, खोटं चालत नाही, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. नकळत तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून आले."

"जा तू," ते म्हणाले. "संध्याकाळी वेळेवर ये."

वैजयंती मला सोडायला पायरीपर्यंत आली. एक हात कमरेवर, एक दाराच्या चौकटीला.

"ताई, ते पाणी मी पिऊ नये ना?"

"नको ग. अशा पाण्यानं कावीळ होते. ती एरवी माणसाला महिनाभर झोपवते. पण तुझ्यासारखीला झाली तर..."

"उद्याची पहिली वाटी माझी आहे," ती म्हणाली. "मामंजींच्या हातची. मी तोंड कसं फिरवू? त्यांना किती लागेल ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही नंतर आलात या गावात."

"काय माहीत नाही?"

आतून बुवांनी हाक मारली, "वैजयंती, उन्हात उभी राहू नकोस." ती गेली.

संध्याकाळी देऊळ भरलं. बाहेर अंगणात सतरंज्या टाकाव्या लागल्या. चैत्राचा उकाडा, उदबत्तीचा वास, बायकांच्या हातातल्या पंख्यांची सळसळ. मी पेटी उघडली. सिकंदरभाई चपलांच्या राशीजवळ नेहमीच्या जागी बसले होते. सदरा धुतलेलाच होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. व्हॉल्व्ह चालू होता.

बुवा आले. अंगरखा, उपरणं, डोक्याला पगडी. त्यांनी गादीला नमस्कार केला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून केला. पूर्वरंग रंगला नाही. त्यांनी अभंग घेतला, निरूपण केलं, पण दोनदा वाक्य मध्येच सोडलं. तबलजी माझ्याकडे पाहू लागला. मी सूर धरून होते. सूर धरून ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं.

पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला. पुजाऱ्यांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला. पूर्वरंग आणि आख्यान यांच्या मधली ही जागा. दरवर्षी इथेच ते पाण्याचं सांगत. लोकही सावरून बसले.

बुवा काहीच बोलले नाहीत.

थोड्या वेळाने बायकांतून कुणीतरी म्हटलं, "बुवा, पाण्याचं!"

"हो. पाण्याचं," बुवा म्हणाले. "दरवर्षी इथं मी एक वाक्य सांगतो. आज मला ते सांगता येत नाही. उद्या कोरं पाणी येणार नाही."

अंगणातून आवाज उठला. बुवांनी झांजेचा हात वर केला.

"थांबा. कुणी बंद केलं ते विचारू नका. मीच मागितलं होतं ते, जुन्या लोकांना आठवत असेल. काळे केस होते माझे तेव्हा. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून भजन केलं होतं आपण. आपल्या रामाला वास येणारं पाणी नको म्हणून."

मग त्यांनी पगडी काढली आणि हातात धरली. कीर्तनात उभ्या माणसाने पगडी काढलेली मी कधी पाहिली नव्हती.

"माझी इंदू. तुमच्यातल्या पुष्कळांनी तिला परकरात पाहिलीय. पहिल्या बाळंतपणाला घरी आली. नवमीला पहिली वाटी तिला दिली. मी दिली. वैशाखात तिला कावीळ झाली आणि आठवडाही काढला नाही तिनं. पोटातलंही गेलं. आपण सगळे म्हणालो, रामाची इच्छा. मीही म्हणालो. याच गादीवरून म्हणालो."

पंखे थांबले होते.

"त्या वर्षापासून नवमीचं तीर्थ मी घेतलेलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, वाटणाऱ्यानं घेतलं की नाही हे कोण बघतं? मी का घेत नाही, हे मी स्वतःलाही विचारलं नाही. घाबरत होतो विचारायला. आणि तुम्हाला मात्र देत राहिलो. तुमच्या सुनांना दिलं. तुमच्या लेकींना दिलं. उद्या माझ्या सुनेला देणार होतो."

त्यांचा आवाज तुटला नाही. तुटला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"इंदू त्या पाण्यानंच गेली असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. पण या हेमाताईनं आज मला एक बाटली दाखवली, आणि ती पाहूनही मी शिळ्याताज्याचा वाद घालत बसलो. तेवढं मात्र मला ठाऊक आहे."

मग खांबाला टेकून बसलेल्या गोदूताई दीक्षित म्हणाल्या, "ते सगळं खरं बुवा. पण उद्या रामाला न्हाऊ कशानं घालायचं?" गोदूताई सगळ्या गावाच्या सोवळ्याओवळ्याच्या अधिकारी. त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय गाव हलणार नव्हतं.

"आज भरायचं, रात्रभर उघडं ठेवायचं. वास जातो म्हणतात."

"शिळं?"

"गोदूताई, सकाळी आंघोळीला बसता तेव्हा तांब्यात कुणाकुणाला बोलावता?"

"हे काय विचारणं? गंगा, यमुना, सगळ्याच नद्या."

"येतात का?"

"न येऊन जातात कुठं! इतकी वर्षं बोलावतेय."

लोक हसले. बुवाही थोडे हसले.

"मग गंगेचं पाणी शिळं होतं का हो?"

"भलतंच काहीतरी! गंगेला कसलं शिळंपण?"

"मग झालं तर. आपणच तिला रोज तांब्यात बोलवायचं, ती बिचारी येणार, आणि एक रात्र थांबली की आपणच तिला म्हणायचं, बाई, तू शिळी झालीस! दुपारी मी असाच तिचा अपमान करून बसलोय. नळाच्या पाण्यात बोलावली तर येत नाही, असं कुठं सांगितलंय तिनं?"

गोदूताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "फडकं मात्र धुतलेलं हवं हो. नाहीतर कुणी काय बांधेल भरवसा नाही." आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "मी येते कळशी घेऊन."

"सगळेच जा," बुवा म्हणाले. "आख्यान नंतर. आधी पाणी भरून आणा आणि इथं रामापुढं मांडा. माणसं ऐकतातच दरवर्षी. यंदा पाण्यालाही ऐकू दे."

मी सिकंदरभाईंकडे पाहिलं. ते केव्हाच उठून सायकलला पाय लावून उभे होते. संध्याकाळचं पाणी सोडायची वेळ नव्हती. "सोडू का, बाई?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"सोडा."

कीर्तन अर्धं टाकून देऊळ रिकामं झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. बुवा गादीवरच उभे राहिले, तबलजी बोटं चोळत बसला. मग गल्लीगल्लीतून नळाचा आवाज येऊ लागला, आणि थोड्या वेळाने बायका, पुरुष, पोरं कळशा, घागरी, तांबे घेऊन परत येऊ लागली. मंडपात जागा उरली नाही. माणसांच्या मांड्यांना भांडी टेकली होती. प्रत्येक भांड्यावर पांढरं फडकं, आणि सगळ्या मंडपात क्लोरीनचा तो वास, ज्याला गाव इतकी वर्षं नाक मुरडत आलं होतं.

बुवांनी पगडी घातली, माझ्याकडे पाहून म्हणाले, "हं." मी पट्टी दिली. त्या दिवशी अहल्येचं आख्यान लावलं त्यांनी. मी त्यांची पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण तसं पुन्हा ऐकलं नाही. शिळेची बाई होण्याच्या क्षणी त्यांनी नुसतं नाम घेतलं आणि मंडपभर माणसं रडत होती. कोण कशासाठी रडत होतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाराला जन्म झाला. गुलाल उधळला, पाळणा म्हटला, गोदूताईंनी स्वतः फडकं सोडून कळशीत नाक घातलं आणि जाहीर केलं, "काही नाही. निव्वळ पाणी." बुवांनी पहिली वाटी वैजयंतीला दिली. तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून वाटी तोंडाला लावली. मग ते सगळ्यांना तीर्थ देत फिरले. यंदा मी पाहत होते. त्यांनी स्वतः घेतलं नाही.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही घरं घाटावर गेलीच. कोरं ते कोरं, म्हणाली.

वैशाखात वरच्या वीटभट्टीवरच्या वस्तीत काविळीची साथ आली. सिकंदरभाई आणि मी पावडरीच्या पिशव्या घेऊन तिकडे जात होतो, लोकांना रांजणात कशी घालायची ते दाखवत होतो. गावातही रुग्ण निघाले, ते घाटावर गेलेल्या घरांतले. बाकी गाव वाचलं. वैजयंतीला ज्येष्ठ लागायच्या आत मुलगा झाला, दोघं सुखरूप.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा केंद्रावर आले. एकटेच, छत्री टेकत. इतकी वर्षं गावात राहून त्यांनी ती जागा आतून पाहिली नव्हती. मी त्यांना हिंडवलं. तुरटीचा हौद दाखवला, गाळ बसतो तो हौद दाखवला. पाणी वाळूत उतरतं तिथे ते खूप वेळ वाकून उभे राहिले.

"भट्टीवर किती गेले?" त्यांनी विचारलं.

"दोन बायका गेल्या. एक..." मी थांबले.

"तशीच होती," बुवा म्हणाले.

"हो."

ते कठड्यावर बसले. पाण्याचा एकसारखा आवाज चालला होता.

"हेमे, आता तू मला सांग. गादीवरून मी ठाऊक नाही म्हणालो, ते लोकांसाठी. तुझं शिक्षण झालंय यातलं. इंदू त्या पाण्यानंच गेली का?"

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवून 'नाही' म्हणावंसं वाटत होतं. एक शब्द होता. तो म्हटला असता तर म्हातारा माणूस शांतपणे झोपला असता, आणि मला कुणी विचारलंही नसतं.

"मला माहीत नाही, बुवा," मी म्हटलं. "तेव्हा कुणी पाणी तपासलं नव्हतं. तसं झालं असेल. तिनं दुसरीकडे कुठे काही खाल्लं-प्यायलं असेल, त्यानंही झालं असेल. आता हे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

बुवा पाण्याकडे पाहत होते.

"हो म्हणाली असतीस, तर मी पुन्हा गादीवर उभा राहिलो नसतो," ते म्हणाले. "आणि नाही म्हणाली असतीस, तर तुझ्या सुराला सूर लावताना दर वेळी मला वाटलं असतं, ही मला सांभाळून घेतेय."

मी त्यांची छत्री उचलून कठड्याला टेकवली.

"मला तहान लागलीय," ते म्हणाले.

सिकंदरभाईंनी फडताळातून कप काढला. "बुवा, थांबा, माठातलं आणतो. हे आत्ता औषध पडलेलं हाय, ताजं. लई वास मारंल."

"हेच दे."

त्यांनी कप घेतला नाही. तिथे खाली नमुना घ्यायची तोटी होती, गावाला जाणारं पाणी तपासण्यासाठीची. बुवा तिच्यासमोर वाकले, उपरणं सावरलं आणि ओंजळ पुढे केली. सिकंदरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तोटी सोडली.

बुवांनी ओंजळ भरू दिली. डोळे मिटले, ओठ हलले, नद्यांची नावं असावीत. मग प्यायले. सगळी ओंजळ, शेवटच्या थेंबापर्यंत. ओला हात डोळ्यांना लावला, मग डोक्यावरून फिरवला.

"वास येतो," ते म्हणाले.

"येतो, बुवा."

"येऊ दे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.